रावबहादूर लोखंडे आणि गिरणीतील निनावी मुले

मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांची छायाचित्रे पाहताना नजर प्रथम यंत्रांकडे जाते. छायाचित्रकाराचीही बहुधा तीच इच्छा असावी. चात्यांच्या लांबच लांब रांगा, छताखालून धावणारे पट्टे, आणि मधल्या अरुंद वाटेत अंग चोरून उभी असलेली माणसे. त्यांतली काही उंचीने फारच लहान दिसतात. ती मुले आहेत हे कळावयास वेळ लागत नाही. ती कोण होती हे कळण्याचा मार्ग मात्र जवळजवळ नाहीच. चित्राखाली गिरणीचे नाव असते, क्वचित यंत्रे पुरविणाऱ्या विलायती कंपनीचे असते. मुलाचे नसते.

अमेरिकेत असे झाले नाही, आणि ह्याचे श्रेय एका शाळामास्तराकडे जाते. न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिकविणाऱ्या लुइस हाइन ह्यांनी १९०८ च्या सुमारास नोकरी सोडली आणि राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी कॅमेरा हाती घेतला. कापड गिरण्या, कोळशाच्या खाणी, मासळीचे कारखाने, रात्रीच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकणारी पोरे, असे सारे त्यांनी टिपले. दारावर अडविले तर कधी विमा एजंट, कधी यंत्रांची छायाचित्रे घेणारा कारागीर असे सोंग घेऊन ते आत शिरत. पण त्यांच्या कामाचे खरे मोल कॅमेऱ्यात नव्हते, खिशातल्या टिपणवहीत होते. मुलाचे नाव, वय, किती दिवसांपासून कामावर आहे, हे ते विचारून लिहून ठेवीत. उंची कोटाच्या बटणांशी ताडून पाहत. पाच हजारांहून अधिक छायाचित्रे त्या टिपणांसह आज अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयात आहेत. म्हणूनच जवळजवळ शंभर वर्षांनी, २००५ साली, जो मॅनिंग नावाच्या संशोधकाला त्या मुलांचा माग काढता आला. व्हरमाँट राज्यातील नॉर्थ पाउनल गावच्या गिरणीत १९१० साली टिपलेल्या ॲडी नावाच्या मुलीपासून त्यांनी आरंभ केला. टिपणात तिचे आडनाव चुकीचे उतरले होते, आणि त्या एका चुकीमुळे टपाल तिकिटावर चेहरा येऊनही ती कोण हे कोणास ठाऊक नव्हते. जनगणनेच्या याद्या चाळल्यावर खरे आडनाव कार्ड असल्याचे निघाले; ती नव्वदी ओलांडून १९९३ साली वारली होती. पुढे मॅनिंग ह्यांनी अशा तीनशेहून अधिक मुलांची आयुष्ये शोधली. मृत्युलेख, शहरांच्या नावनिशीची पुस्तके, थडग्यांवरचे दगड ह्यांच्या आधाराने ते नातवंडांपर्यंत पोहोचत. अनेक घरांत आजीचे ते छायाचित्र त्या दिवशी प्रथमच पाहिले गेले.

मुंबईला हाइन मिळाला नाही. परंतु हाइनच्या जन्मापूर्वीच मुंबईच्या एका गिरणीत असा एक माणूस नोकरीला लागला होता, की ज्याच्या डोळ्यांसमोर ही मुले रोज कामावर येत आणि रोज परतत. तो छायाचित्रकार नव्हता. गिरणीच्या कोठाराचा हिशेब ठेवणारा कारकून होता. मुंबईतील गिरणी-मुलांचा माग काढावयाचा तर छायाचित्रापेक्षा ह्या माणसाच्या चरित्राकडे जावे लागते. त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंड्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. कुटुंब फुलमाळी समाजातील आणि परिस्थिती बेताची. नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले, त्या काळी त्या समाजातील मुलाला ही मोठीच मजल होती. रेल्वे आणि टपाल खात्यात काही काळ नोकरी करून १८७० च्या सुमारास ते मांडवी येथील गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. तेल, पट्टे, बॉबिनी ह्यांची आवकजावक वहीत उतरविणे हे त्यांचे काम. गिरणीत किती बॉबिनी आल्या, किती मोडल्या, ह्याचा हिशेब चोख राहत असे. त्या बॉबिनी बदलणाऱ्या हातांचा हिशेब ठेवावा असे कोणत्याही वहीत अभिप्रेत नव्हते.

हे काम काय असे, ते समजावून घेणे आवश्यक आहे. कताईच्या यंत्रावर सूत गुंडाळून बॉबिनी भरल्या की यंत्र थांबवावे लागे. मग मुलांची टोळी धावत येई, भरलेल्या बॉबिनी उपसून टोपलीत टाकी, रिकाम्या चढवी, आणि यंत्र पुन्हा सुरू होई. यंत्र जितका वेळ बंद तितका मालकाचा तोटा, म्हणून हे सारे झपाट्याने व्हावयास हवे. त्यासाठी बोटे लहान आणि चपळ हवीत, शरीर दोन यंत्रांमधून सुळकन निघणारे हवे. ह्या मुलांना डॉफर म्हणत. एक फेरी आटोपली की पुढच्या बॉबिनी भरेपर्यंत त्यांना थोडी उसंत मिळे, आणि ह्याच उसंतीवर मालकपक्षाने आपला सारा युक्तिवाद रचला होता: मुले दिवसभर गिरणीत असली तरी दिवसभर काम करीत नाहीत, सबब त्यांचे काम हलके. उसंत खरीच होती. पण ती घ्यावयाची होती त्याच उष्ण, दमट, कापसाच्या तुसांनी भरलेल्या हवेत, त्याच खडखडाटात, आणि मुकादमाची हाक येताच उठावयाच्या तयारीने. गिरणीत विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाचे घड्याळ म्हणजे सूर्य. पहाटे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम चाले. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम कमी, उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांपर्यंत. ह्या वेळापत्रकातून वयाची सवलत कोणालाच नव्हती.

सरकारचे लक्ष इकडे वळले ते १८७५ साली नेमलेल्या मुंबईच्या फॅक्टरी कमिशनमुळे. सोराबजी शापुरजी बंगाली ह्या पारशी सुधारकाने १८७८ साली कायद्याचा मसुदा तयार केला. अखेर १८८१ साली हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी कायदा झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभराहून कमी माणसे नसलेल्या कारखान्यांपुरताच तो होता. सात वर्षांखालील मुलास कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवू नये, एक तास विश्रांती आणि महिन्यास चार सुट्ट्या द्याव्यात, एवढेच त्याचे सार. स्त्रियांविषयी एक अक्षर नाही, पुरुषांविषयीही नाही. आज वाचताना सात वर्षांचा आकडा अंगावर येतो. पण कायद्याला तो आकडा घालावा लागला ह्याचाच अर्थ त्याहून लहान मुले आत होती.

ह्या कायद्याला विरोध केवळ मालकांनी केला असता तर गोष्ट सोपी होती. तसे झाले नाही. मुंबईचे स्वस्त सूत मँचेस्टरच्या मालाला जड जाऊ लागले होते आणि हिंदी मजुरांविषयीचा लँकेशायरचा कळवळा त्या स्पर्धेच्या काळातच जागा झाला, हे कोणाच्याही नजरेतून सुटले नाही. त्यामुळे राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी कारखानेविषयक कायद्यांकडे देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा डाव म्हणून पाहिले. केसरीही त्यांत होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यांचा संशय निराधार नव्हता. पण विलायतेतील गिरणीमालकाचा हेतू स्वार्थी होता म्हणून मुंबईतल्या डॉफरच्या पायांचा ठणका खोटा ठरत नव्हता. हा साधा भेद त्या वेळी फार थोड्या लोकांना करता आला, आणि लोखंडे त्यांच्यापैकी एक होते.

ह्याचे कारण त्यांच्या वैचारिक घडणीत आहे. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. लोखंडे त्याचे मुंबईतील एक प्रमुख कार्यकर्ते बनले. समाजाचे मुखपत्र ठरलेले दीनबंधु हे पत्र कृष्णराव भालेकर ह्यांनी १८७७ च्या आरंभी पुण्यात काढले होते. ते आर्थिक ओढाताणीत बंद पडण्याच्या बेतास आले तेव्हा लोखंड्यांनी ते मुंबईस नेले. ९ मे १८८० पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा वर्षे, ते त्याचे संपादक होते. गिरणी कामगारांची दाद छापणारे दुसरे देशी पत्र त्या काळी शोधावे लागे.

ते निर्भीड होते, पण बेफाम नव्हते. फुल्यांच्या शेतकऱ्याचा असूड ह्या ग्रंथाचे आरंभीचे भाग दीनबंधूत छापून पुढे त्यांनी हात आखडता घेतला, आणि फुल्यांना त्याचा राग आला. चरित्रकार अशा प्रसंगांवरून घाईने पुढे जातात. वास्तविक लोखंड्यांचा स्वभाव कळतो तो येथेच. सरकारचा रोष ओढवून पत्र बुडविण्यापेक्षा ते चालू ठेवून, अर्ज-विनंत्या करून, सभा भरवून जे पदरात पडेल ते घ्यावे असा त्यांचा कल होता. हा सावधपणा कोणाला आवडो न आवडो, पुढे गिरणी कामगारांना जे मिळाले ते ह्याच मार्गाने मिळाले.

१८८४ साली मुंबई सरकारने दुसरे फॅक्टरी कमिशन नेमले. ही संधी साधून लोखंड्यांनी २३ सप्टेंबरला परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा बोलाविली आणि २६ तारखेस पुन्हा दुसरी. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. ज्यांतील बहुसंख्यांना अक्षर येत नव्हते अशा माणसांचे म्हणणे सरकारदरबारी कागदावर उतरल्याचा हा पहिला मोठा प्रसंग म्हणावयास हवा. मागण्या पाच होत्या. रविवारी सुट्टी असावी; दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी; काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे; पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा; आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन व कायमचा अधू झाल्यास निर्वाहाची तरतूद असावी.

ह्या पाच कलमांत मुलांविषयी स्वतंत्र कलम नाही.

ही गोष्ट लोखंड्यांच्या गौरवपर लेखांत सहसा नोंदली जात नाही. पण ती नोंदल्यावाचून त्या काळाचे अर्थकारण कळत नाही. सह्या करणारे बाप होते. घरातील एका पोराची मजुरी थांबविण्याची मागणी करणे म्हणजे स्वतःच्या चुलीवरचे भांडे उतरविण्यासारखे होते. घाटावरचा दुष्काळ पाहून आणि कोकणातली अपुरी शेती सोडून आलेल्या कुटुंबांना एकट्या पुरुषाच्या पगारावर मुंबईत राहणे कठीण होते. आणि मुलाची मजुरी उपलब्ध होती म्हणूनच पुरुषाचा पगार वाढण्याची निकडही मालकांना भासत नव्हती. हे दुष्टचक्र एका टोकाने तोडता येत नाही. लोखंड्यांनी ते मोठ्यांच्या टोकाकडून धरले. सर्वांना सुट्टी, सर्वांना विश्रांती, वेळेवर पगार: ह्यांतून मुलालाही रविवार मिळणार होता आणि दुपारचा अर्धा तास मिळणार होता. मुलांच्या बाजूने थेट बोलण्याचे काम बंगालींसारख्यांनी केले. त्यांच्या घरची चूल त्यावर अवलंबून नव्हती. दोघांच्या कामाचे मोल वेगळे आहे, आणि एकामुळे दुसऱ्याचे कमी होत नाही.

ह्याच सुमारास बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संस्था उभी राहिली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. तिला हिंदुस्थानातील पहिली कामगार संघटना म्हणण्याचा प्रघात आहे. काटेकोरपणे पाहिले तर तिला ना नियमावली होती, ना नोंदलेले सभासद, ना वर्गणी. एक कचेरी, एक वृत्तपत्र आणि एका माणसाची पदरमोड, एवढ्यावर ती चालली. पण २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर तिच्या हाकेने दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या. मालक संघाने त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून हिंदू कामगारांना तो धर्मदृष्ट्याही सोयीचा, असा मुद्दा लोखंड्यांनी मांडल्याचे सांगतात. राज्यकर्त्यांच्या देवाचा वार आणि जेजुरीच्या देवाचा वार एकच निघाला, हा योगायोग त्यांनी वाया जाऊ दिला नाही.

१८९० च्या फॅक्टरी कमिशनच्या मुंबईतील कामकाजात लोखंड्यांना स्थानिक सहकारी म्हणून बसविण्यात आले. सहा वर्षांपूर्वी मैदानात अर्ज वाचून दाखविणारा माणूस आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूस होता. १८९१ चा सुधारलेला कायदा त्यातून आला. मुलाचे किमान वय सातावरून नवावर गेले, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना दिवसाला सात तासांची मर्यादा पडली, स्त्रियांना अकरा तासांची. आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास सर्वांना मिळाला.

सात तासांच्या ह्या मुलांना पुढे अर्धवेळ कामगार असे नाव पडले, आणि त्यांच्याविषयीची सरकारी दप्तरातील नोंद वाचण्याजोगी आहे. कायद्याने वयाची मर्यादा घातली. परंतु वय सांगणार कोण? जन्माचा दाखला नाही, आईला आठवते ते दुष्काळाचे साल किंवा पटकीची साथ. म्हणून सरकारी डॉक्टर मुलाचे दात आणि शरीर पाहून वय ठरवी आणि दाखला देई. त्या दाखल्यावर मूल एका गिरणीत सकाळी आणि दुसऱ्या नावाच्या दाखल्यावर दुसऱ्या गिरणीत दुपारी जाऊ लागले. १९०७-०८ च्या चौकशांत देशातील निरनिराळ्या कापड केंद्रांतून अशी उदाहरणे पुढे आली. कायद्याने मुलाला पहिल्यांदा नाव विचारले आणि परिस्थितीने त्याला खोटे नाव सांगावयास लावले. तेव्हा एखाद्या गिरणीचा त्या काळचा हजेरीपट उद्या कोणास सापडला तरी त्यातील नावावरून माग काढणारा माणूस कोठे पोहोचेल ह्याचा नेम नाही. ॲडी कार्डचे आडनाव ऐकणाऱ्याच्या चुकीने बदलले होते. इकडे ते सांगणाऱ्याने बदललेले असे.

लोखंड्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षे धावपळीची गेली. विधवांच्या केशवपनास नकार द्यावा म्हणून त्यांनी मुंबईच्या नाभिकांना संघटित केले. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा उसळला तेव्हा राणीच्या बागेत सर्व जातिधर्मांच्या लोकांची सभा घेतली. सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस नेमले, रावबहादूर किताब दिला. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग शिरला. शहर ओस पडू लागले, गिरणी कामगार गावाकडे पळू लागले. लोखंडे राहिले. रुग्णांसाठी इस्पितळाची खटपट करता करता त्यांना त्याच रोगाने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले. वय पन्नाशीच्या आत. महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. दीनबंधु पुढे इतरांनी चालविले. मिल हँड्स असोसिएशन मात्र त्यांच्यामागे टिकली नाही.

भारतीय टपाल खात्याने २००५ साली त्यांच्या नावाने तिकीट काढले. परळच्या श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. ज्या मुलांनी १८९० च्या जूननंतरचा पहिला रविवार चाळीच्या गॅलरीत घालविला, त्यांचा एकही चेहरा नावानिशी उरलेला नाही. मुलांना कारखान्याबाहेर काढावयास कायद्याला त्यानंतर बराच काळ लागला: १९२२ साली किमान वय बारा झाले, आणि १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास कारखान्याचे दार बंद झाले.

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा ह्या शेवटच्या कायद्यानंतर जन्मला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली सुरू झाला, साठीनंतर औद्योगिक वसाहत पसरली, पुढे चाकण आले. लोखंड्यांनी मागितलेली साप्ताहिक सुट्टी येथे विजेच्या सोयीसाठी बहुतेक ठिकाणी गुरुवारी असते, आणि ती कोणी मिळवून दिली हे फारसे कोणाला आठवत नाही. ह्या पट्ट्यातील मोठ्या कारखान्यांच्या यंत्रांपाशी सात वर्षांचे मूल कोणी पाहिलेले नाही. ते दाराबाहेर आहे. ताथवडे हे महामार्गालगतचे गाव २००९ साली महानगरपालिकेत आले. शेतांच्या जागी महाविद्यालये आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधणाऱ्या मजुरांची मुले पत्र्याच्या खोल्यांत राहतात. धाकट्याला सांभाळणे, पाणी भरणे, हाताला येईल तशी विटांची पाटी उचलणे, ह्याला कोणी नोकरी म्हणत नाही, म्हणून ते कोणत्या पटावर येत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तेथे पाळणाघराची तरतूद होती. ठेकेदारांमागे ठेकेदार असल्याने तो आकडा एका ठेकेदाराच्या कागदावर पुरा होण्याची खात्री नसे. २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदाही आहे, आणि काही स्वयंसेवी संस्था बांधकामांवर वर्ग चालवितात. इमारत पुरी झाली की कुटुंब पुढच्या कामावर जाते, आणि शाळेच्या हजेरीपटात मुलाच्या नावापुढे सतत गैरहजर असा शेरा पडतो.

एवढे मात्र खरे, की त्या पटात निदान त्याचे नाव आहे. ते पट किती वर्षे जपावयाचे, आणि पुढच्या गावच्या शाळेने मागितल्यास ते कोणी पाठवावयाचे, हा प्रश्न आजच्या मुख्याध्यापकांच्या आणि कारकुनांच्या टेबलावर आहे.